कॅमेरा कोणाचा होता? जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमधल्या कलाकारांवर माहितीपट करताना

तुमचा प्रश्न इतरांसाठी आधी थोडक्यात मांडतो. १९४० ते ४४ या काळात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं. तेव्हाच्या गायक, नट, चित्रकारांवर तुम्ही चाळीसेक मिनिटांचा माहितीपट करताय आणि रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, तयार आहे. तो पाहून एक सर म्हणाले, ‘तुम्ही या लोकांची वकिली करताय.’ दुसऱ्या बाई म्हणाल्या, ‘तुम्ही त्यांच्यावर खटला भरलाय.’ आता तोल कसा साधायचा, गायक-नट मोरिस शेव्हालिए आणि गायिका एदित पिआफ यांना कुठल्या बाजूला बसवायचं आणि शेवट कशावर करायचा, असं तुम्ही विचारलंय. सोबत दिलेली शॉट्सची यादी आणि निवेदनाचा मसुदा मी वाचला.

मी संकलक आहे. जुन्या न्यूजरील्सवर, म्हणजे थिएटरांत दाखवल्या जाणाऱ्या बातमीपटांवर, उभे राहिलेले माहितीपट कापण्यात माझी बरीच वर्षं गेली, तेव्हा एडिट टेबलवरून जे दिसतं ते सांगतो.

सर आणि बाई, दोघंही बरोबर आहेत, कारण तुमची फिल्म चित्रात एक बोलते आणि आवाजात दुसरंच. चित्रात ऊन पडलंय, कॅफे भरलेत, स्टेशनवर नटनट्यांचा घोळका हसतोय. निवेदनात मात्र ‘लाचारी’, ‘शरणागती’, ‘काळवंडलेलं शहर’. असं झालं की प्रेक्षक डोळ्यांचं ऐकतो आणि निवेदकावर चिडतो, किंवा निवेदकाचं ऐकतो आणि पडद्यावरच्या हसऱ्या माणसांवर चिडतो. दोन्हीत तुमचं नुकसान. ही हसरी दृश्यं कोणी टिपली आणि कोणाला दाखवण्यासाठी टिपली, हे तुमची फिल्म एकदाही सांगत नाही. माझ्या मते मूळ दुखणं तिथे आहे. तोल नंतर आपोआप सुधारेल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. तुमच्याकडे हयात माणसांच्या मुलाखती असत्या तर मी वेगळं सांगितलं असतं, पण यादीवरून तरी त्या दिसत नाहीत. फिल्म फक्त कॉलेजात दाखवायची की महोत्सवांना पाठवायची, यावर फुटेजच्या हक्कांचा सगळा हिशोब बदलतो. आणि आपल्याकडच्या प्रेक्षकाला विशी म्हणजे काय, पेताँ कोण, हे माहीत असेल असं धरून चालता येत नाही. (विशी म्हणजे जर्मनांशी जुळवून घेणारं फ्रेंच सरकार, आणि पेताँ त्याचा प्रमुख.) फ्रान्समध्ये दहा सेकंदांत भागतं तिथे तुम्हाला मिनिट लागेल. ते मिनिट द्या.

आता कॅमेऱ्याकडे वळू. १४ जून १९४० ला जर्मन पॅरिसमध्ये शिरले आणि ऑगस्टपासून व्याप्त भागातल्या थिएटरांत ‘आक्तुआलिते मोंदियाल’ हे जर्मनांच्या हातातलं न्यूजरील सुरू झालं. ऑगस्ट १९४२ पासून त्याची जागा ‘फ्रान्स-आक्तुआलिते’नं घेतली. तुमच्या यादीतले निम्म्याहून अधिक शॉट्स या दोन न्यूजरील्समधले आहेत. ही रिळं सुरू झाली की अंधारात लोक शिट्ट्या मारायचे, खोकायचे, हुर्यो उडवायचे. म्हणून हुकूम निघाला की न्यूजरील चालू असताना हॉलमधले दिवे अर्धवट चालू ठेवायचे, म्हणजे कोण ओरडतंय ते दिसेल. एवढी एक गोष्ट तुमच्या निवेदनात आली तरी पडद्यावरचं हसू वेगळं दिसायला लागेल. तुम्ही ती गाळली आहे आणि त्या जागी ‘प्रचाराचं युग होतं’ असं एक पोकळ वाक्य घातलंय.

रंगीत छायाचित्रांचंही तसंच. तुम्ही वापरलेले ते सुंदर रंगीत फोटो, गॉगल घातलेल्या मुली वगैरे, आंद्रे झ्युकाचे आहेत. झ्युका ‘सिग्नाल’ या जर्मन प्रचार-पाक्षिकासाठी काम करायचा. रंगीत आग्फा फिल्म त्याला जर्मनांकडून मिळायची, बाकी पॅरिसमध्ये ती मिळणं अशक्यच होतं. फिल्म मंद होती, तिला भरपूर प्रकाश लागायचा. म्हणजे झ्युकाच्या पॅरिसमध्ये सतत ऊन आहे ते काही अंशी रसायनामुळे आणि काही अंशी मालकामुळे. २००८ मध्ये पॅरिसच्या महापालिकेच्या ऐतिहासिक ग्रंथालयानं या फोटोंचं प्रदर्शन भरवलं तेव्हा गदारोळ झाला, कारण फोटो कोणत्या नोकरीत काढले याचा पुरेसा उल्लेख भिंतींवर नव्हता. शेवटी प्रेक्षकांना खुलाशाचा कागद द्यावा लागला. तुमच्या फिल्मवर नेमका तोच आक्षेप येणार आहे, फक्त तुमच्याकडे वाटायला कागद नसेल.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. १६ आणि १७ जुलै १९४२ ला पॅरिसच्या पोलिसांनी सुमारे १३,००० ज्यूंना धरलं आणि त्यातल्या कुटुंबांना, मुलाबाळांसकट, व्हेल दिव्ह या सायकल शर्यतींच्या स्टेडियममध्ये कोंडलं. त्या घटनेचा ज्ञात असलेला फोटो एकच आहे: स्टेडियमबाहेर उभ्या असलेल्या बसगाड्या. माणूस ओळखू येईल असं त्यात काही नाही. एकीकडे नटनट्यांची रिळंच्या रिळं आणि दुसरीकडे हा एक फोटो. तुम्ही तो यादीत ‘अपुरं दृश्य’ म्हणून वगळलाय. माझं ऐकाल तर परत घ्या आणि बारा-पंधरा सेकंद स्थिर ठेवा. झूम नको, हळू सरकवणं नको, खाली संगीत नको.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. १९४३ पासून इंग्रज सरकारचं ‘इंडियन न्यूज परेड’ आपल्या थिएटरांत दाखवलं जायचं. त्या काळावर काम करणाऱ्या प्रत्येकानं ती रिळं चाळली आहेत. त्यांत साताऱ्याचं प्रतिसरकार सापडेल अशी अपेक्षा कोणी धरत नाही. पॅरिसच्या बाबतीत मात्र आपण तीच सावधगिरी विसरतो, कारण दृश्यं देखणी आहेत.

मग करायचं काय? तुमच्या फिल्ममधला सगळ्यात मोलाचा तुकडा घेऊन दाखवतो: मार्च १९४२, पॅरिसचं गार द लेस्त स्टेशन, फ्रेंच सिनेतारे बर्लिनला निघालेत. दानिएल दारिय, अल्बेर प्रेजाँ, सुझी दलेर, विविआन रोमाँस, झ्युनी आस्तोर. या प्रवासामागे आल्फ्रेड ग्रेव्हन होता, ‘काँतिनाँताल’ या जर्मन पैशावर पॅरिसमध्ये चालणाऱ्या चित्रपट कंपनीचा प्रमुख. तुम्ही हा तुकडा नऊ सेकंदांचा कापलाय आणि त्यावर ‘काहींनी सत्तेशी हातमिळवणी केली’ असं निवेदन टाकलंय.

मी असं करीन. तो तुकडा मूळ शीर्षकपाटीसकट, मूळ फ्रेंच निवेदकाच्या आवाजासकट, न कापता चालू देईन. खाली मराठी उपशीर्षकं. प्रेक्षकाला कळू दे की हे एक तयार केलेलं उत्पादन आहे, त्याला सुरुवात आहे, चढतं संगीत आहे, ठरवून लावलेला आनंद आहे. मग तेच दृश्य पुन्हा, या वेळी मुकं. आणि आता तुमचं निवेदन, पण विशेषणं एकदम बंद. फक्त माहिती: दारियनं नंतर सांगितलेलं कारण असं, की तिचा वाग्दत्त वर, डॉमिनिकन मुत्सद्दी पोर्फिरिओ रुबिरोसा, जर्मनीत नजरकैदेत होता आणि या प्रवासाच्या बदल्यात त्याची भेट मिळणार होती. त्याच महिन्यात, २७ मार्चला, फ्रान्समधून आउशविट्झकडे ज्यूंना नेणारी पहिली गाडी निघाली. तिच्यात १,११२ पुरुष होते.

इथे एक धोका आहे आणि तो संकलकाच्या हातातला आहे. स्टेशनवरच्या हसऱ्या चेहऱ्यावरून थेट त्या दुसऱ्या गाडीवर कट मारला की प्रेक्षकाच्या डोक्यात आपोआप वाक्य तयार होतं: ‘यांना माहीत होतं आणि तरी हसत होते.’ तुमच्याकडे त्याचा पुरावा नाही. तरी कटनं ते म्हटलेलं असतं आणि नंतर निवेदनात कितीही सावरलंत तरी ते पुसलं जात नाही. म्हणून मध्ये काळी चौकट टाका, तारीख लिहा, मग दुसरी माहिती द्या. दोन घटना एका महिन्यातल्या आहेत एवढंच तुम्हाला म्हणायचंय, आणि ते पुरेसं जड आहे.

दुसरा मोठा बदल रचनेत. सध्या तुमची फिल्म माणसांनुसार चालते: आधी शेव्हालिए, मग पिआफ, मग कवी-नाटककार कोक्तो, मग पिकासो. अशा रचनेत प्रत्येक जण प्रेक्षकाला विचारतो, मी दोषी की निर्दोष? आणि फिल्मचं कोर्ट होतं. माणसं मोडा, तारखांनुसार लावा. ऑक्टोबर १९४० मध्ये विशी सरकारनं ज्यूंवर पहिला कायदा आणला आणि सिनेमा-नाटकातून त्यांची हकालपट्टी सुरू झाली. त्याच महिन्यात ‘काँतिनाँताल’ची स्थापना झाली. डिसेंबर १९४० मध्ये गिटारवादक जँगो राइनहार्टनं ‘न्युआज’ ध्वनिमुद्रित केलं. जँगो रोमा होता, नाझींच्या लेखी नकोशा जमातीतला, आणि ते गाणं पॅरिसभर वाजत होतं. १९४३ मध्ये त्यानं स्वित्झर्लंडला निसटायचा प्रयत्न केला, तो फसला. १९४१ च्या शेवटी शेव्हालिए जर्मनीतल्या आल्टेनग्राबोव्हच्या युद्धकैदी छावणीत गायला. पहिल्या महायुद्धात तो स्वतः तिथेच कैदी होता. त्यानं मानधनाऐवजी दहा कैद्यांची सुटका मागितली होती, आणि त्याची सोबतीण निता राया ज्यू होती. जर्मन प्रचारयंत्रणेनं मात्र त्यातलं गाणं तेवढं उचललं. मे १९४२ मध्ये हिटलरचा लाडका शिल्पकार आर्नो ब्रेकर याचं प्रदर्शन पॅरिसच्या ऑरांजेरी संग्रहालयात भरलं आणि कोक्तोनं त्याचं कौतुक छापून आणलं. ७ जूनपासून व्याप्त भागातल्या ज्यूंना कपड्यावर पिवळा तारा लावणं सक्तीचं झालं.

असं लावलं की एक गोष्ट दिसते जी माणसांच्या क्रमात दिसत नाही: १९४० च्या शरदात जर्मन अधिकाऱ्याच्या मेजवानीला जाणं आणि १९४२ च्या उन्हाळ्यानंतर जाणं, ही एकच कृती नाही. तुमचे ते सर आणि त्या बाई यांच्यातला अर्धा वाद तारखांनी मिटेल. उरलेला अर्धा मिटू नयेच.

‘काँतिनाँताल’वर तुम्ही एका वाक्यात बोळा फिरवलाय. तिथे थांबा, कारण मजकूर तिथे आहे. या कंपनीनं तीस चित्रपट काढले. व्याप्त काळात फ्रान्समध्ये दोनशेच्या वर कथापट झाले, त्यातले हे. पैसा जर्मन, मालक जर्मन, आणि तरी तिथे साम्यवादी प्रतिकारक झां-पॉल ल शानुआ पटकथा लिहीत बसला होता, तोही ज्यू वंशाचा. याच कंपनीसाठी आंरी-जॉर्ज क्लूझोनं १९४३ मध्ये ‘ल कोर्बो’ केला. एका छोट्या गावात निनावी पत्रं फिरतात आणि सगळे एकमेकांच्या जिवावर उठतात, अशी गोष्ट. त्या वेळच्या फ्रान्समध्ये निनावी पत्रांनी शेजारी पकडून दिले जात होते. चित्रपट विशीवाल्यांना खटकला आणि भूमिगत प्रतिकारकांनाही खटकला. १९४४ मधल्या मुक्तीनंतर, म्हणजे जर्मन गेल्यावर, क्लूझोवर कामबंदी आली, ती १९४७ मध्ये उठली. कोणत्या बाजूला बसवणार याला?

आणि एक वेगळं टोक. ‘लेझांफां द्यु पारादी’ हा मार्सेल कार्नेचा चित्रपट याच काळात बनला. नेपथ्यकार अलेक्झांद्र त्रोनेर आणि संगीतकार जोझेफ कोझ्मा, दोघेही ज्यू, लपून काम करत होते. एका भूमिकेसाठी घेतलेला नट रोबेर ल व्हिगां नाझींचा उघड समर्थक होता. १९४४ मध्ये तो जर्मनीला पळाला आणि त्याची भूमिका पिएर रनुआरनं नव्यानं केली. प्रमुख नटी आर्लेत्ती हिचे एका जर्मन हवाई दलाच्या अधिकाऱ्याशी संबंध होते, मुक्तीनंतर तिला अटक झाली. एकाच युनिटमध्ये ही सगळी माणसं. तुमच्या चाळीस मिनिटांतली सहा मिनिटं या एका चित्रपटाला दिलीत तर पिकासोचा प्रसंग खुशाल उडवा. पिकासोवर सगळेच करतात.

जे पडद्यावर नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न तुमच्या मसुद्यात नाही. आरी बोर हा फ्रेंच सिनेमातला मोठा नट. बर्लिनमध्ये त्यानं चित्रपटही केला होता. १९४२ मध्ये जर्मनांनी त्याला पकडलं, छळलं, सोडलं, आणि एप्रिल १९४३ मध्ये तो मेला. कवी माक्स जाकोब मार्च १९४४ मध्ये पॅरिसजवळच्या द्रांसीच्या छावणीत वारला. कवी रोबेर देस्नोस प्रतिकारात होता. तो जून १९४५ मध्ये, छावणी मुक्त झाल्यावर, चेक भूमीतल्या टेरेझीनच्या नाझी छावणीत टायफसनं वारला. झां गाबँ अमेरिकेला गेला, मग परत येऊन फ्रेंच चिलखती दलात रणगाड्यावर लढला. ‘निघून का गेले नाहीत?’ असा प्रश्न तुमचं निवेदन दोनदा विचारतं. हॉलिवूडचा करार हातात असलेल्या गाबँला तो दरवाजा होता. साँ-देनी या पॅरिसच्या उपनगरातल्या वादकाला नव्हता. प्रश्न ठेवायचा असेल तर हा फरक सोबत ठेवा.

पिआफबद्दल वेगळं सांगायला हवं. तीही जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावण्यांत गायली. कैद्यांसोबत काढलेल्या फोटोंतून चेहरे कापून खोटी कागदपत्रं बनवली आणि पुढच्या खेपेला ती आत पोचवली, ही गोष्ट तुम्ही निखळ तथ्य म्हणून सांगितली आहे. ती मुक्तीनंतरच्या साक्षींतून आलेली आहे. खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण ऑगस्ट १९४४ नंतर प्रत्येक कलाकार कुठल्या ना कुठल्या चौकशी समितीपुढे उभा होता आणि त्या काळातला प्रत्येक खुलासा हा बचावही होता. म्हणून पट्टीवर लिहा: कोण बोलतंय, कधी, कोणासमोर. मार्सेल ओफ्युल्सनं १९६९ च्या ‘ल शाग्रँ ए ला पितिए’च्या शेवटी शेव्हालिएचा स्वतःचा इंग्रजीतला खुलासा नुसता चालवलाय. टोमणा नाही, टिप्पणी नाही. फ्रेंच सरकारी टीव्हीनं तो माहितीपट १९८१ पर्यंत दाखवला नव्हता, यावरून पद्धतीची ताकद कळेल.

टेरेझीनचे दीड मिनिट तुम्ही ‘छावणीतही कला फुलली’ या शीर्षकाखाली वापरताय. हे मात्र आजच काढा. ते फुटेज १९४४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नाझींनी प्रचारासाठी काढून घेतलं. दिग्दर्शनाला जुंपलेला कुर्ट गेरॉन हा बर्लिनचा नामवंत ज्यू नट-दिग्दर्शक त्याच छावणीतला कैदी होता. चित्रण झाल्यावर काही आठवड्यांत त्याला आउशविट्झला नेऊन मारलं. पडद्यावर गाणारी मुलं, वाजवणारे वादक यांतले बहुतेक त्याच वाटेनं गेले. हे फुटेज वापरायचंच असेल तर ही माहिती चित्र सुरू होण्याआधी काळ्या पडद्यावर आली पाहिजे. नंतर सांगितलेली चालत नाही, कारण तोवर प्रेक्षकानं त्या गाण्याचा आनंद घेतलेला असतो आणि तो आनंद नाझींनी योजलेला आहे.

आता बारीकसारीक. जर्मन सैनिक शांझेलिझेवरून चालतायत आणि खाली ‘ला व्ही आँ रोझ’ वाजतंय, हे काढा. ते गाणं १९४५ मध्ये लिहिलं गेलं आणि त्याचं ध्वनिमुद्रण युद्धानंतरचं. जगभरचे निम्मे माहितीपट हीच चूक करतात. ‘न्युआज’ वापरा, ते त्या काळाचं आहे. शांत शॉट्सवर तुम्ही सायकलींचे, टाळ्यांचे आवाज भरलेत. जे आवाज तुम्ही घातले ते घातलेत असं श्रेयनामावलीत लिहा. १९४३ मधल्या सार्त्रच्या ‘ले मूश’ या नाटकासाठी थिएटरची दर्शनी बाजू दाखवताय तर नाव वाचता येईल असा फोटो शोधा: ते सारा बर्नहार्ट थिएटर होतं, आणि सारा ही विख्यात नटी ज्यू वंशाची म्हणून जर्मन काळात ‘थिएटर द ला सिते’ झालं. सार्त्रच्या भूमिकेवर दोन मिनिटं बोलण्यापेक्षा ती पाटी बरी.

हक्कांचं: फ्रेंच न्यूजरील्ससाठी मुख्य दारं म्हणजे इना हा फ्रान्सचा सरकारी दृक्-श्राव्य संग्रह आणि जीपी अर्काइव्ह्ज (आधीचं गोमाँ-पाते अर्काइव्ह्ज), लष्करी चित्रणासाठी एक्पाद हा फ्रेंच संरक्षण खात्याचा संग्रह, जर्मन बाजूसाठी बुंडेसआर्किव्ह हे जर्मनीचं राष्ट्रीय अभिलेखागार. शुल्क सेकंदांवर किंवा मिनिटांवर असतं आणि वापर कुठे, किती वर्षं, यावर बदलतं. शैक्षणिक वापराचा दर स्पष्ट विचारा. मिळणारी पाहणीची प्रत टाइमकोड छापलेली असते, तिच्यावर कापा, पण दर हातात आल्याशिवाय कट पक्का करू नका. यूट्यूबवरून उतरवलेला तुकडा कधीच मूळ समजू नका. त्यांवर अनेकदा दुसऱ्याच सालचा आवाज चढवलेला असतो.

शेवट कशावर करायचा, हे उरलं. २५ ऑगस्ट १९४४ चे रणगाडे, फुलं, चुंबनं नकोत. तो शेवट कॅमेरा दुसऱ्या मालकाकडे गेला एवढंच सांगतो. मी तरी पुढच्या तीन वर्षांवर करीन. नाटककार-नट साशा गित्रीला मुक्तीच्या धामधुमीतच पकडलं, साठ दिवस ठेवलं आणि १९४७ मध्ये खटला निकाली काढला. नाझीधार्जिण्या लेखक-पत्रकार ब्राझियाकला फेब्रुवारी १९४५ मध्ये गोळ्या घातल्या. आर्लेत्तीच्या चित्रपटाचा पहिला खेळ मार्च १९४५ मध्ये झाला तेव्हा तिला हजर राहता आलं नाही. शेव्हालिए लवकरच परत रंगमंचावर होता. शिक्षा इतक्या कमी-जास्त का झाल्या, यात तुमच्या दोन्ही शिक्षकांचा वाद पुन्हा येईल, पण या वेळी तो फ्रान्सचा वाद म्हणून येईल.

या आठवड्यात एवढं करा: टाइमलाइनवरच्या प्रत्येक तुकड्यासमोर चार रकाने भरा. चित्रणाची तारीख, कॅमेरा कोणाचा, आवाज मूळचा की नंतरचा, हक्क कोणाकडे. ज्या ओळीत पहिले दोन रकाने रिकामे राहतील तो तुकडा सध्या बाजूला ठेवा. तक्ता झाला की इथेच टाका, मग निवेदनाच्या मसुद्याकडे ओळीनं बघू.